गंज खरवडू नका

मेटल डिटेक्टरवर एक सेटिंग असतं. त्याचं नाव 'डिस्क्रिमिनेशन'. या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या देशात कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

मशीनचं काम सोपं आहे. खालची गोल कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. जमिनीत धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उलट कॉइलपर्यंत येतं. ते किती मागे पडून आलं यावरून मशीन धातूचा अंदाज बांधतं आणि स्क्रीनवर एक आकडा दाखवतं. बऱ्याच मशीनवर हा आकडा 0 ते 99 असतो. लोखंड तळाला, तांबं आणि चांदी वरच्या टोकाला. डिस्क्रिमिनेशन वाढवलं की ठरावीक आकड्याखालच्या सगळ्या गोष्टींबद्दल मशीन गप्प बसतं. लोखंड तिथे असतं, मशीनला ते कळलेलंही असतं, फक्त ते तुम्हाला सांगत नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. फिल्टर लावणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे मला एक गोष्ट नक्की ठाऊक आहे. फिल्टर लावणाऱ्यानं काय महत्त्वाचं आहे हे डेटा बघायच्या आधीच ठरवलेलं असतं. जमिनीत नाणी पुरणारे लोक मोजके होते. बाकी सगळ्यांनी मागे ठेवलं ते लोखंड: विळे, खुरपी, फाळ, कुऱ्हाडी, खिळे, कोयंडे, बैलाच्या पत्र्या, गाडीच्या चाकाच्या धावा. डिटेक्टरचा पहिला खटका दाबून आपण नेमके हेच लोक गाळून टाकतो आणि वर त्याला 'इतिहासाचा शोध' म्हणतो.

2025 च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. 'छावा' नुकताच येऊन गेला होता. 1681 साली मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटलं हा इतिहास पडद्यावरून घरोघरी पोचला होता. तिथे मुघलांचं सोनं पुरलेलं आहे अशी अफवा उठली आणि रात्री टॉर्च, फावडी आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसं शेतं उकरायला लागली. सगळ्या देशानं त्यांची चेष्टा केली. माझं म्हणणं, चेष्टा करणाऱ्यांचा प्रश्नही तोच होता: मिळालं का काही? 'काही' म्हणजे सोनं. त्या खड्ड्यांतून किती लोखंड बाजूला फेकलं गेलं, हे विचारणारी एकही पोस्ट माझ्या नजरेस पडली नाही. खणणारे आणि हसणारे एकाच सेटिंगवर चालले होते.

माझं भांडण खरं म्हणजे एका प्रश्नाशी आहे. 'हे काय आहे?' हा तो प्रश्न. तळहातावर एखादी गंजलेली वस्तू किंवा विचित्र दगड, त्याचा फोटो आणि खाली हा प्रश्न. दिसायला निरागस आहे. दगडाच्या बाबतीत तो बऱ्यापैकी निरागस असतोही.

कारण दगडाचं उत्तर दगडाच्या अंगात असतं. आपल्याकडे काळा पत्थर डिटेक्टरखाली वाजतो आणि चुंबकाला चिकटतो. लगेच माणसाच्या डोक्यात उल्का येते. लोणारच्या आसपास तर येतेच येते. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण मुळातच असतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यासोबत ते आले, उल्केशी त्यांचा संबंध नाही. चुंबक चिकटला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर तो जवळजवळ नक्कीच उल्का नाही. एक तर लाव्हा, नाही तर भट्टीतली मळी. घरातल्या टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासा. लालसर रेघ उठली तर हेमॅटाइट, काळपट करडी उठली तर मॅग्नेटाइट. खऱ्या उल्केची सहसा रेघ उठतच नाही. आकाराच्या मानानं ती जड असते, बाहेरून पातळ काळं जळकं कवच असतं, आणि शेवटचा निकाल प्रयोगशाळेत निकेलचं प्रमाण मोजल्यावर लागतो.

तोफगोळ्यांचंही असंच. बेसाल्ट झिजतो तो कांद्यासारखा, एकेक पापुद्रा सुटत. आतला गाभा गोल गरगरीत उरतो. गडाच्या वाटेवर असे गोळे दिसले की ग्रुपमधला कुणीतरी ते उचलून फोटो काढतोच आणि खाली सरळ एखाद्या लढाईचं नाव लिहितो. अशा वेळी मी गप्प बसतो. ट्रेकला जाऊन वाईटपणा कोण घेणार?

सांगायचं काय, तर दगड चुकीचा ओळखला तरी फारसं बिघडत नाही. तो तसाच राहतो. दहा वर्षांनी जाणकार माणूस आला की त्याच दगडाकडून बरोबर उत्तर मिळतं. गंजलेल्या लोखंडाचं तसं नाही. त्याचं अर्धं उत्तर त्याच्याभोवतीच्या मातीत असतं आणि उरलेलं त्याच्या गंजात. आपण काय करतो, तर मातीतून ते उपटतो आणि घरी नेऊन गंज खरवडतो. मग स्वच्छ झालेल्या, मुक्या तुकड्याचा फोटो टाकून विचारतो, हे काय आहे?

हे मी कुणाला शिकवत नाहीये. मी स्वतः हेच केलं आहे.

तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये मी आठ हजारांचा डिटेक्टर घेतला. माझं आजोळ नागपूर जिल्ह्यात. मामाच्या वावराच्या बांधाला मोठाले दगड आहेत, थोडेसे गोलाईत. ते 'आधीपासूनचे' आहेत, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. वेळ पडली की त्यातलाच एखादा काढून बांधाला लावायचा. मे महिन्यात मी हेडफोन लावून तिथे फिरत होतो. मामा धुऱ्यावर बसून बघत होते.

"काऊन रे, सोनं वाजते काय?"

डिस्क्रिमिनेशन कसं लावायचं हे तेव्हा मला नीट येत नव्हतं, म्हणून लोखंडही वाजलं. दीड वीत खाली, भेगाळलेल्या काळ्या मातीत, हाताच्या पंजाएवढा चपटा गोळा होता. गंजानं फुगलेला, मातीचे खडे चिकटलेला. त्याच खड्ड्यात मातीच्या भांड्याचे काळे-लाल तुकडे होते. ते मी बाजूला टाकले. लिहायला आजही हात अडखळतो, पण टाकले. मामांनी गोळा हातात घेऊन वजन बघितलं. "वखराची पास असन. भंगारवाल्याले देऊन टाक."

मी दिला नाही. त्याहून वाईट केलं. पुण्याला आणून दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवला, मग गंज काढायचं केमिकल, मग ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश. अशा व्हिडिओंना लाखो व्ह्यू असतात, कारण ते बघताना खरंच समाधान वाटतं. लाल-तपकिरी थर उडतो, खालून करडा धातू चमकतो. माझ्या तुकड्यावर दोन आडव्या-तिरप्या जाड रेषा होत्या. मला वाटलं, गंजाच्याच गाठी. ब्रश लावल्यावर त्यातली एक निखळून पडली. शेवटी एक पातळ, वेडंवाकडं पातं उरलं. एका अ‍ॅपला फोटो दाखवला. उत्तर आलं: रेल्वे रुळाचा खिळा, एकोणिसावं शतक, अमेरिका.

त्या उत्तरावर मी हसलो, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला ते का आलं हे कळायला पाहिजे. फोटोवरून ओळखणारं मॉडेल त्याला दाखवलेल्या फोटोंपलीकडे जात नाही. गंजलेल्या वस्तूंचे नाव-गाव लिहिलेले फोटो इंटरनेटवर प्रामुख्यानं अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी टाकलेले आहेत. वखराची पास त्यानं कधी पाहिलेलीच नाही. आणि समजा उद्या पाहिली, तरी काय? खोली, सोबतची खापरं, मातीचा रंग यातलं काहीच फोटोत नाही. वेळेची नोंद नसलेली लॉगमधली एक ओळ दाखवून 'सर्व्हर का पडला?' असं कुणी विचारलं तर मी त्याला खुर्चीतून उठवीन. इथे मी स्वतः तेच विचारत होतो.

नंतर महिनाभरानं, उशिरा सुचलेल्या शहाणपणानं, मी विदर्भातल्या उत्खननांबद्दल वाचायला लागलो. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथे शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं, अडीच हजार वर्षांहून जुनी. काहींमध्ये माणसासोबत घोडा पुरलेला आहे. आणि त्यांत सापडणाऱ्या लोखंडी कुऱ्हाडींची एक खास खूण आहे: पात्यावर एकमेकांना छेद देणाऱ्या लोखंडी पट्ट्या, लाकडी दांडा पक्का आवळायला. अहवालातलं ते रेखाचित्र मी बराच वेळ झूम करून बघत बसलो. दोन आडव्या-तिरप्या जाड रेषा.

माझी कुऱ्हाडच होती असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा हक्क मी ड्रिलनं उडवून टाकला. विद्यापीठात पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका बाईंना तो तुकडा दाखवला, तेव्हा त्यांनी तुकड्याकडे पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांनी विचारलं, "किती खोल? सोबत खापरं होती? कोणत्या रंगाची? दगडांच्या आत की बाहेर?" मग एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. फार गंजलेल्या लोखंडात वस्तूचा मूळ पृष्ठभाग धातूवर राहिलेला नसतो. तो गंजाच्या थराच्या मध्येच कुठेतरी असतो. आपण 'खालून निघालेली खरी वस्तू' म्हणून जे पाहतो, तो फक्त उरलेला गाभा. खरी वस्तू ब्रशखाली भुकटी होऊन जाते. गंजात लाकडाच्या शिरा आणि कापडाची वीणसुद्धा उतरलेली असते. लाकूड आणि कापड कधीच नाहीसं झालेलं असलं तरी.

'द डिग' नावाचा सिनेमा अनेकांनी नेटफ्लिक्सवर पाहिला असेल. 1939 साली इंग्लंडमधल्या सटन हू इथे बॅझिल ब्राउन या, बाराव्या वर्षी शाळा सोडलेल्या, स्वतःच शिकलेल्या माणसानं एक टेकाड खणायला घेतलं. हाताला लोखंडाचा गंजलेला तुकडा लागला. तो जहाजाचा रिव्हेट होता. ब्राउननं बाकीचे रिव्हेट उपटले नाहीत. जिथल्या तिथे ठेवून तो त्यांच्या रांगेमागून हळूहळू माती काढत गेला. जहाजाचं लाकूड केव्हाच कुजून गेलेलं होतं. उरली होती वाळूवर उमटलेली फळ्यांची छाप आणि रिव्हेटच्या रांगा. त्यातून सुमारे 27 मीटर लांबीचं अख्खं जहाज डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याच जागी आमच्यासारखा कुणी डिटेक्टरवाला गेला असता तर? डिस्क्रिमिनेशन चालू असतं तर मशीन गप्पच राहिलं असतं. बंद असतं, तर त्यानं बादलीभर गंजके खिळे घरी नेऊन व्हिनेगरमध्ये टाकले असते. एकेक खिळा ओळखूही आला असता. जहाज मात्र गेलं असतं.

इतकं लांब जायलाही नको. नैकुंडला 1978 ते 80 च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची. ती सापडली म्हणजे भाजलेल्या मातीच्या विटा, भात्याच्या नळ्यांचे तुकडे आणि लोखंडाची मळी एकाच जागी सापडली. मळी! डिटेक्टरवाले जिला शिव्या घालतात, उल्का म्हणून घरी नेतात आणि नंतर फेकून देतात, तीच ती भोकाभोकांची मळी. विदर्भातला माणूस तेव्हा लोखंड बाहेरून आणत नव्हता, स्वतः गाळत होता, हे त्या कचऱ्यानं सांगितलं. एकेक खडा उचलून नेला असता तर काय उरलं असतं?

बरं, सोनं-कांस्य काळजीनं काढलं म्हणून तरी प्रश्न सुटतो का? दायमाबादची कांस्यशिल्पं घ्या. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ती सापडली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस. सगळ्यांचं वजन मिळून 60 किलोंहून जास्त. त्या शेतकऱ्याची यात काहीच चूक नाही, तो मूळ काढत होता. पण पुरातत्त्वज्ञ तिथे पोचायच्या आधी ती मातीबाहेर आली होती आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या काळाचा वाद पूर्ण मिटलेला नाही. म. के. ढवळीकर त्यांना उत्तर हडप्पा काळातली मानत. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून ती बरीच नंतरची असू शकतील असं म्हटलं. म्हणजे दोन मतांमध्ये हजारभर वर्षांचं अंतर. संग्रहालयाच्या काचेमागे असलेल्या, जगभर गाजलेल्या शिल्पांची ही गत. माझ्या पात्याला कोण विचारतो?

यावर डिटेक्टरवाल्या मित्रांची दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं: "आम्ही नाही काढलं तर ते मातीत गंजून संपणारच." हे चूक आहे. मातीत पडलेलं लोखंड सुरुवातीला जोरात गंजतं, मग भोवतालच्या परिस्थितीशी जुळवून घेतं आणि पुढे फार हळू गंजतं. म्हणून तर हजारो वर्षांनी आपल्याला ते सापडतं. बाहेर काढलं की भरपूर ऑक्सिजन आणि दमट हवा मिळते, आत मुरलेले क्लोराइड जागे होतात आणि शतकानुशतकं टिकलेली वस्तू काही वर्षांत पापुद्रे सोडून फुटते. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत हे क्षार काढायला अल्कलीच्या द्रावणात महिनोन्‌महिने ठेवतात, त्याआधी एक्स-रे काढतात. आपण काय करतो? दोन दिवस व्हिनेगर.

दुसरं उत्तर: "आम्ही नाही तर जेसीबी नेईल." हे मात्र अर्धं खरं आहे, आणि इथे माझा राग डिटेक्टरवाल्यांवरून दुसरीकडे वळतो.

गंजलेली वस्तू सापडलेल्या सामान्य माणसानं जायचं कुठे? आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आहे. 10 रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर वाटा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मालक सापडलाच नाही तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. माझं पातं अर्ध्या किलोचं. भंगाराच्या भावानंही 10 रुपयांच्या वर जातं. म्हणजे मी गुन्हेगार आहे की नाही, हे भंगारवाल्याच्या तराजूवर ठरणार. हा कायदा हंड्यासाठी लिहिलेला आहे. लोखंडाचं गाठोडं घेऊन येणाऱ्या माणसाची कल्पनाच त्यात नाही. संरक्षित स्मारकांवर परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे ते योग्यच आहे, गडांवर डिटेक्टर फिरवणाऱ्यांची मला काडीचीही दया येत नाही. पण कुणाच्याच यादीत नसलेल्या बांधावरच्या वर्तुळांचं काय?

इंग्लंड-वेल्समध्ये 1997 पासून 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' चालते. सापडलेली वस्तू आणि जागा घेऊन जायचं, त्या भागासाठी नेमलेला अधिकारी नोंद करतो, वस्तू सहसा तुमचीच राहते. 15 लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. ती योजना जशीच्या तशी इथे आणा असं मी म्हणत नाही. तिथेही लोखंडाकडे दुर्लक्ष होतंच, आणि आपल्याकडे वस्तू घरी ठेवायची मुभा दिली तर चोरबाजाराला चार दिवसही लागणार नाहीत. मला वस्तू नकोच आहे. मला नोंद पाहिजे. शेतकऱ्यानं वस्तू न काढता फोनवरून फोटो काढावा, जागा आपोआप नोंदली जावी, खोली आणि सोबत काय दिसतंय ते दोन ओळींत लिहावं, आणि शिक्षेची भीती न घालता कुणीतरी ते वाचावं. याला आठ कोटींचं टेंडर लागत नाही. चार इंजिनियर एका महिन्यात बनवतील, मी फुकट बनवीन. अडतं ते 'कुणीतरी ते वाचावं' या शेवटच्या तीन शब्दांवर. आपले तज्ज्ञ 'हात लावू नका' हे ठणकावून सांगतात आणि फोन ठेवतात. हात न लावता वाट बघणाऱ्या माणसाला पुढे काय, हे कुणी सांगत नाही. मग तो भंगारवाल्याला फोन करतो, कारण भंगारवाला येतो.

आणि एक गोष्ट, भांडणापलीकडची. लष्कराच्या फायरिंग रेंजजवळ राहत असाल तर गंजलेली, टोकदार, नळकांड्यासारखी वस्तू ओळखायचा प्रयत्नच करू नका. न फुटलेला गोळा गंजला तरी मेलेला नसतो. असं भंगार फोडताना माणसं गेलेली आहेत. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

माझा डिटेक्टर आता सेल काढून माळ्यावर ठेवला आहे. पातं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तरी पावसाळ्यात त्यावर नारिंगी थेंब येतात, घाम आल्यासारखे, आणि डब्याच्या तळाशी चिमूटभर चुरा पडलेला असतो. तो मी फेकत नाही. फेकलेल्या खापरांसाठी गेल्या दिवाळीत पुन्हा त्या जागी गेलो. नांगरट झाली होती. दोन तुकडे मिळाले, ते त्याच खड्ड्यातले की दुसरे, सांगता येत नाही.

तेव्हाच त्या वर्तुळाच्या उरलेल्या अकरा दगडांची मापं घेतली, नकाशा काढला, अक्षांश-रेखांश टाकले आणि संबंधित कार्यालयाला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. पोच आली. पुढे काही आलं नाही. मामांना यंदा उन्हाळ्यात जेसीबी लावून बांध सरळ करायचा आहे, दीड गुंठा वावर निघतं आणि ट्रॅक्टर वळायला जागा होते. मी त्यांना फोन करून एक वर्ष थांबा म्हटलं.

"थांबतो," ते म्हणाले. "पण येनार कोन हाय, ते सांग."